दीड कोयता

दिवाळीनंतरच्या मंगळवारी सकाळी शिरूर कासारजवळच्या एका वस्तीवर जालिंदर नावाच्या मुकादमाने दोन बायकांना ऊसतोडीच्या टोळीत घ्यायला नकार दिला. कारण त्याने एका वाक्यात सांगितलं: दोन बायांचा कोयता होत नाही.

त्याच दिवशी दुपारी मी बीडच्या बसस्थानकावर उतरले. टोळ्या निघण्याआधीचा आठवडा पाहायचा, एवढाच बेत होता. मंगळवारच्या नकाराची मला अर्थातच कल्पना नव्हती. मला त्या वेळी खोली हवी होती.

पहिल्या लॉजच्या माणसाने सगळ्या खोल्या भरल्याचं सांगितलं. त्याच्या पाठीमागच्या फळीवर किल्ल्या लटकत होत्या. दुसऱ्या लॉजवर विचारणा झाली, बरोबर कोण आहे. कोणी नाही म्हटल्यावर मॅनेजरने, घरच्या एखाद्या पुरुषाला फोन लावून द्या, मी बोलतो, असा तोडगा काढला. तिसऱ्या ठिकाणी खोली मिळाली. तिथल्या मॅनेजरने वहीत माझ्या नावापुढे ‘सोबत पती’ असं स्वतःच लिहिलं. पती नाही असं सांगितलं, तर म्हणाला, “असू द्या मॅडम, येनार हायेत म्हनून लिवलं. तुमच्याच भल्यासाठी.” खोली स्वच्छ होती. रात्रीच्या जेवणाला येसराची आमटी (भाजलेल्या डाळी आणि मसाल्याच्या पिठाची) आणि भाकरी मिळाली. आमटी उत्तम होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरूरची बस पकडली. माझ्या शेजारी चाळिशीच्या आतबाहेरची एक बाई बसली. तिच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेलं जड काहीतरी होतं. कंडक्टरने गोणपाट चाचपलं आणि शस्त्र बसमध्ये चालत नाही म्हणून सांगितलं. बाई शांतपणे म्हणाली, “शस्त्र न्हाई दादा, कोयते हायेत. आमचं शेत म्हना की.” मागच्या बाकावरचे दोघं हसले. कंडक्टरने तिकीट फाडलं आणि गोणपाट सीटखाली सरकवायला लावलं.

बाईचं नाव कौसल्या. बीडमध्ये लोहाराकडे कोयत्यांना धार लावायला दिली होती, ते घेऊन चालली होती. कधी निघणार, असं मी विचारलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “निगनार हाय का न्हाई, त्येच कळंना. काल मुकादमानं न्हाई म्हनून सांगितलं. पन धार लावायला आदीच दिलते, सोडून कसं येनार?”

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालली होती. पुढे मुरमाड माळ, बाभळी, आणि डोंगराच्या उतारावर सीताफळाची झुडपं. फाट्यावर बस थांबली की खिडकीशी सीताफळांच्या पाट्या येत होत्या. कौसल्याने एक फळ फोडून अर्धं माझ्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. शिरूर येईपर्यंत ते पुरलं.

बाहेरच्या वाचकांसाठी इथे एक हिशेब समजावून सांगायला हवा. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक पुरुष आणि एक बाई मिळून एक कोयता. पुरुष तोडतो, बाई पाचट (उसाचा वाळलेला पाला) काढते आणि मोळ्या बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. एकटं माणूस असेल तर तो अर्धा कोयता. अर्ध्याला मुकादम सहसा घेत नाहीत, घेतलंच तर कुठल्या तरी पुऱ्या कोयत्याला जोडून. म्हणून हंगामाच्या तोंडावर या भागात घाईघाईने लग्नं लागतात, कधीकधी नको त्या वयात. मुलाचं लग्न झालं का, असं कोणी विचारत नाही. कोयता झाला का, असं विचारतात.

कौसल्याचा नवरा लग्नानंतर काही वर्षांतच पुण्याला गेला आणि तिकडेच दुसरं घर केलं. सासऱ्याने मात्र सुनेला घराबाहेर काढलं नाही. त्याला सगळे आण्णा म्हणत. पुढे परळीचं सासर सोडून आलेली रमा तिच्याबरोबर राहायला आली. कौसल्या मेंढपाळांच्या घरातली, रमा बौद्ध घरातली. तीन वर्षं दोघी एका घरात, एका चुलीवर आहेत. मधल्या सगळ्या हंगामांत मुकादमाच्या हिशेबात कौसल्या आणि आण्णा मिळून एक कोयता होते आणि रमा वरची अर्धी. आण्णांना चालता येत नव्हतं. ते दिवसभर कोपीत (उसाच्या फडाजवळ पाचटाची बांधलेली झोपडी) बसून विड्या ओढत. सगळा ऊस या दोघी तोडत होत्या. उन्हाळ्यात आण्णा वारले.

वस्तीवर पोहोचलो तेव्हा रमा अंगणात ज्वारी पाखडत होती. तिशीच्या जवळची, कमी बोलणारी. मला लॉज मिळत नाही, हे कौसल्याने परस्परच ठरवून टाकलं होतं. “हितंच ऱ्हावा. आमी दोगीच असतो,” म्हणाली. रमाने सूप खाली ठेवून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “तुमाला काय लिवायचंय आमच्यावर?” जे दिसेल ते, असं मी सांगितलं. तिने थोडा विचार केला. “मंग हे लिवा. मला हिच्यासंगं ऱ्हायचंय. दुसरं काय न्हाई.”

दुसरं काही होतं. ते कौसल्याने सांगितलं. रमाच्या भावाने, सिद्धार्थने, तिच्यासाठी माजलगावकडचा एक माणूस बघितला होता. त्याची बायको वारली आणि त्याचा कोयता अर्धा राहिला. त्याची टोळी रविवारी निघणार होती. तोवर या दोघी कोणाच्याही टोळीत लागल्या नाहीत, तर सिद्धार्थ रविवारी येऊन बहिणीला घेऊन जाणार होता. उन्हाळ्यापर्यंत गावात काम नाही, वस्ती रिकामी, अशात दोन बाया कशाच्या जोरावर राहणार, हा त्याचा मुद्दा. कौसल्याच्या दिराचंही तेच म्हणणं होतं. घर त्याच्या जागेत आहे.

कौसल्याच्या हातचं शेंगोळं (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या रश्श्यात शिजवून) खाऊन मी दुसऱ्या दिवशी शिरूरला जालिंदर मुकादमाकडे गेले. पक्कं घर, दारात दोन ट्रॅक्टर. त्याने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. बोलायला अजिबात कचरला नाही.

“मॅडम, मी काय वाईट मानूस न्हाई. ह्या दोगी लई कामाच्या हायेत. माज्या टोळीत ह्यांच्याइतका ऊस कुनी पाडत न्हाई.”

मग घेत का नाही?

“कोयता होत न्हाई ना. आण्णा व्हते तवर पुरा व्हता.”

आण्णा ऊस तोडायचे का, असं मी विचारलं.

“आण्णाला उठून पानी घेता येत नव्हतं.”

मग ते काय करायचे?

“काय करायचे न्हाई. पन गडी व्हता ना घरात.” तो माझ्याकडे सहानुभूतीने बघत होता, जणू मला साधी बेरीज येत नव्हती. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती नोंदवते. कौसल्याला एकटीला तो एका विधुराबरोबर जोडून न्यायला तयार होता. रमालाही तसाच कोणीतरी जोडून देता आला असता. वेगवेगळ्या टोळ्यांत. दोघींना कामापासून कोणी अडवलं नव्हतं, यावर त्याचा भर होता.

दुपारी सिद्धार्थ मोटरसायकलवर वस्तीवर आला. पस्तिशीचा, सरकारी नोकरीतला, इस्त्रीच्या शर्टातला. बहिणीशी न बोलता आधी माझ्याशी बोलला. मी वर्तमानपत्रात काम केलंय हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

“ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही समजावा तिला. आमच्यात बायकांना खाली नाही लेखत. वंदना झाल्यावर समतेवर मी स्वतः बोलतो, विचारा कोणालाही.”

मी म्हटलं, मग रमाला जसं राहायचंय तसं राहू द्यायला हरकत काय?

“ते वेगळं आहे.”

वेगळं कसं, हे त्याला तीनदा विचारलं. पहिल्यांदा तो म्हणाला, लोक बोलतात. दुसऱ्यांदा म्हणाला, म्हातारपणी कोण बघणार. तिसऱ्यांदा म्हणाला की आपला समाज इतक्या कष्टाने वर आला, आता असल्या गोष्टींनी नाव खराब नको. रमा उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. तिने पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढे ठेवला. तो पाणी प्यायला आणि रविवारी सकाळी येतो म्हणून गेला.

त्याआधीच्या महिन्यात कौसल्याच्या माहेरचेही येऊन गेले होते. त्यांचं कारण अगदी उलट. दोन बायका एकत्र राहतात याचं त्यांना काही नव्हतं. दुसऱ्या समाजाची बाई चुलीला शिवते, हे त्यांना खटकत होतं. त्या आठवड्यात या एका प्रश्नावर मी जितक्या लोकांचं ऐकलं, त्यातल्या कोणाचीही कारणं दुसऱ्याच्या कारणांशी जुळत नव्हती. निर्णय मात्र सगळ्यांचा एकच होता.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघी नारायणगडाला गेलो. दर्शनाचा हेतू दुय्यम होता. भागवत नावाचा एक मुकादम आपल्या टोळीला घेऊन गडावर नारळ फोडायला येणार, अशी बातमी कौसल्याने काढली होती. गडाच्या पायथ्याशी ट्रॅक्टर उभे होते. वर वारा होता, आणि खालचा सगळा मुलूख स्वच्छ दिसत होता. कोरडे ओढे, मधूनच तुरीचे हिरवे पट्टे, दूरवर बीडचा धूसर आकार. टोळी एका झाडाखाली बसली होती. बायका पिशव्यांतून धपाटे काढत होत्या. आम्हालाही दिले, वर लसणाची चटणी.

भागवत तरुण होता आणि माणूस बरा वाटला. त्याने स्पष्ट सांगितलं की त्याला व्यक्तिशः काही अडचण नाही, टोळीला विचारतो. टोळीतले पुरुष म्हणाले, बायकांना विचारा. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग शेषाबाई नावाची एक पोक्त बाई सगळ्यांच्या वतीने बोलली.

“एकल्या बाया शेजारच्या कोपीत ऱ्हाल्या की आमच्या गड्यांचं ध्यान कामावर ऱ्हात न्हाई.”

“तुमच्या गड्याकडं बगायला आमाला येळ कुटंय, मावशी?” कौसल्या म्हणाली. “तुमीच बगून कटाळल्या असताल.”

बायका हसल्या. शेषाबाईसुद्धा हसली. मग तिने रमाकडे वळून विचारलं, “गडी न्हाई, लेकरू न्हाई. मंग ऊस कुनासाठी तोडता गं?”

“पोटासाठी,” रमा म्हणाली. “तुमी कुनासाठी तोडता?”

शेषाबाईने धपाट्यांची पिशवी बांधायला घेतली. भागवतने हात जोडले. बायांचं मन मोडून त्याला टोळी चालवता येणार नव्हती. उतरताना त्याच टोळीतली एक बाई माझ्याबरोबर चालत होती. फडात ती पहाटे नवऱ्याच्या आधी उठते, पाणी आणते, भाकरी थापते, मग त्याच्याबरोबर दिवसभर काम करते आणि संध्याकाळी पुन्हा चूल पेटवते, हे तिने न विचारता सांगितलं. तिच्या डोळ्याखाली ताजी जखम होती. ती कशाने झाली विचारल्यावर पायरीवरून पडले म्हणाली. तिच्या घराला पायरी आहे का, हे मी विचारलं नाही.

गडाच्या खाली बस येईपर्यंत रमाने एक नाव काढलं. माधुरी. परळीत सासरी असताना शेजारच्या गल्लीत राहायची. ज्या दिवशी रमाने नवऱ्याचं घर सोडलं, त्या दिवशी तिला आसरा देणारी ती एकटीच. माधुरी तृतीयपंथी आहे. परळीतले सगळे मुकादम तिला ओळखतात, कारण टोळी निघताना पहिल्या नारळावर तिचा हात लावून घ्यायची तिथे रीत आहे. तिच्या ओळखीने एखादा मुकादम भेटेल, एवढीच आशा.

बीडला बस बदलली. तेलगावच्या फाट्यावर ती पंक्चर झाली. जॅक सापडेना. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकमेकांवर खेकसत राहिले, आणि आम्ही रस्त्याकडेला हुरड्याच्या आठवणी ऐकत बसलो. एक म्हातारा शेजारच्याला सांगत होता की पूर्वीचे हुरडे गोड असत. परळीत पोहोचलो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. औष्णिक केंद्राच्या चिमण्या गावाच्या कितीतरी आधीपासून दिसायला लागतात. राखेचे टिप्पर गेले की रस्ता काही क्षण पांढरा होतो. केळीवाल्याने फणीवर फुंकर मारून राख उडवली आणि मग केळी दिली.

माधुरी स्टेशनाच्या मागच्या बाजूला एका मुसलमान विधवेकडे भाड्याने राहते. गावात दुसरं कोणी तिला खोली देत नाही. खाला (तिला सगळे तेच म्हणतात) दारातच बसली होती. माधुरीबद्दल विचारलं तर म्हणाली, “अच्छी है. किसी के लेने में नै, देने में नै. मैं बोली, रह ले. पन पीछे के दरवाजे से आना-जाना कर, आगे मेरे लोगां आते.” आम्ही मागच्या दाराने गेलो.

माधुरी उंच आहे, आवाज खर्जातला, केसांची वेणी कमरेपर्यंत. रमाला बघून तिने आधी तिला बसवलं, मग ओरडली की एवढी बारीक कशानं झालीस. सगळं ऐकून घेतल्यावर चप्पल घालून उठली. हनुमंत मुकादमाची टोळी उद्याच निघणार होती, आणि त्याची एक जोडी सकाळीच दुसऱ्या टोळीत पळाली होती, हे तिला माहीत होतं. बाजारातल्या अशा बातम्या तिला सगळ्यांच्या आधी कळतात.

हनुमंत गावाबाहेर, ट्रॅक्टरच्या दुरुस्तीवर उभा होता. माधुरीला बघून त्याने वाकून नमस्कार केला. मग कौसल्या आणि रमाचं ऐकलं. नेहमीचंच उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबला. माधुरीकडे बघून विचारलं, “तुला ऊस तोडता येतो?”

लहानपणी आईबापाबरोबर सगळे हंगाम फडातच काढले आहेत, असं ती म्हणाली.

“आदारवर काय हाय तुज्या?”

तिने खरं ते सांगितलं. कार्डावर अजून पुरुषच आहे. बदलून घ्यायला ती गेली होती. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवत शेवटी तिला कोणीतरी, तुमचं काम कोणत्या खिडकीत बसतं तेच कळत नाही, असं सांगितलं होतं.

“मंग झालं की,” हनुमंत म्हणाला. “नाव काय व्हतं आदी? मधुकर. मधुकर आन् कौसल्या, एक कोयता. ही अर्धी. दीड झाला. मला येकच पायजे व्हता, वर अर्धी आली.”

ट्रॅक्टरखाली झोपून काम करणारा मेकॅनिक हसला. माधुरी हसली नाही.

“त्या नावानं हाक मारली तर मी वळनार न्हाई.”

“नको वळू. ऊस तोड.”

“आन् बायांच्या पंगतीत बसनार.”

“त्ये तू आन् त्या बाया बगून घ्या. पन येक सांगतो. साडी चालनार न्हाई. लोक मला हसतेल. शर्ट घालावा लागंल.”

कौसल्या मध्ये पडली. माधुरीला दंडाला धरून बाजूला घेतलं. मी जवळ होते, त्यामुळे ऐकू आलं. “ऱ्हाऊ दे. आमच्यापायी तू पुन्ना गडी व्हयाचं, हे आमाला पटत न्हाई. आमी बगू दुसरं काय.”

“तुमच्यापायी कोन करतंय?” माधुरी म्हणाली. “मला काम पायजे. हॉटेलात भांडी घासायला मागितली, न्हाई म्हनले. शेतात गेले, न्हाई म्हनले. दुकानादुकानांत टाळ्या वाजवून कटाळले मी. आन् शर्टाचं म्हनशील तर माज्यावर सोड.” ती परत येऊन हनुमंतला म्हणाली, “शर्ट घालते.”

माणूस कोणाला म्हणायचं हे ठरवायला हनुमंतला एवढा वेळ लागला: एक चहा संपेपर्यंत. ज्या व्यक्तीला पुढच्या दाराने यायची मुभा नाही, भांडी घासायचं काम नाही, ती त्याच्या हिशेबात तत्काळ पुरुष झाली, कारण त्याला कोयता कमी पडत होता. आणि जालिंदरच्या टोळीत सगळ्यांत जास्त ऊस पाडणाऱ्या दोघी त्याच्या समोर उभ्या असून त्याला दिसल्या नाहीत. हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, रीत हाय ती. रीतीला कोन इचारतं?”

शनिवारी सकाळी ट्रॉली भरायला सुरुवात झाली. पत्रे, सरपण, पातेली, दोन शेळ्या, उलट्या टांगलेल्या कोंबड्या. सामान चढवायचं म्हणून टोळीतल्या बायकांनी कामाचे कपडे घातले होते. फडात उसाची पानं अंग कापतात, म्हणून तोडणारी प्रत्येक बाई साडीवर पुरुषाचा लांब बाह्यांचा जुना शर्ट घालते आणि डोक्याला टॉवेल बांधते. तसा तो ऊसतोडणीचा पोशाखच आहे.

कौसल्या आणि रमा आदल्या रात्री जीपने वस्तीवर जाऊन, घराला कुलूप लावून, कोयते आणि गाठोडी घेऊन रातोरात परळीला परतल्या होत्या. माधुरी त्यांच्यानंतर आली. हिरवी साडी, वर गळ्यापर्यंत बटणं लावलेला चौकड्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल. शेजारच्या सात-आठ बायकांत आणि तिच्यात उंचीखेरीज फरक करता येत नव्हता.

हनुमंतने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. “शर्ट म्हनलं व्हतं.”

“घातला की.”

“साडी नको म्हनलं व्हतं.”

“ह्या सगळ्यांला इचारा, शर्टाखाली काय नेसल्यात. त्यांनी सोडली तर मी सोडते.”

टोळीतल्या एकदोघींनी पदर तोंडावर धरला. एक पुरुष ट्रॉलीवरून म्हणाला की तो हिच्याशेजारी बसणार नाही. दुसऱ्याने त्याला, तुज्याशेजारी कोन बसतंय बे, तुजी बायको पन बसत न्हाई, असं ऐकवलं, आणि ट्रॉलीत हशा झाला. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. उशीर झाला होता. साखर कारखाना दूर होता, आणि एक जोडी आधीच पळालेली होती. हनुमंत थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“बस मागं,” म्हणाला.

मग त्याने रीतीप्रमाणे नारळ काढला आणि तिच्यापुढे धरला. माधुरीने नारळावर हात ठेवला, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली. त्याने तिच्या पायांकडे हात नेऊन नमस्कार केला. नारळ पुढच्या चाकाजवळ फुटला. ती मागून पत्र्यांवर चढली. कौसल्याने आधी गाठोडं आणि मग रमाला वर घेतलं. ट्रॉली रेल्वे फाटकाच्या दिशेने गेली.

मी दुपारच्या बसने बीडला आले आणि रात्रीच्या गाडीने परत निघाले. या वेळी लॉजची गरज पडली नाही.

रविवारी सकाळी सिद्धार्थचा फोन आला. तो वस्तीवर उभा होता, दाराला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी त्याला माझा नंबर दिला होता. रमा कोणत्या कारखान्यावर गेली, ते मी त्याला सांगणार नाही, हे आधीच स्पष्ट केलं. ते त्याने मागितलंही नाही.

“कोयता झाला का?” त्याने विचारलं.

हो, मी म्हटलं.

“बरोबर पुरुष कोण आहे?”

मुकादमाने मधुकर असं नाव सांगितलंय, एवढं मी सांगितलं. ते खरं होतं.

“मग ठीक आहे,” सिद्धार्थ म्हणाला. “लोकांना सांगता येईल.” आणि त्याने फोन ठेवला.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात कौसल्याने एका गाडीवाल्याच्या फोनवरून फोन केला. फडापाशी त्यांना ओळीतली शेवटची कोपी मिळाली आहे. पाणी सगळ्यांचं भरून झाल्यावर त्या भरतात. टोळीतल्या बायका बोलत नाहीत, एक सोडून. ती कधीतरी सांजच्याला येऊन बसते. रमाच्या बोटाला कोयता लागला होता, आता बरं आहे. कोपीत तिघी राहतात. मागून कोणीतरी गाडी आली म्हणून हाक मारली, आणि तिने फोन बंद केला.